उठल्यावर सांगायचं राहिलेलं

मी एक जुनी शॉकची पेटी आहे, मित्रांनो. दचकलात ना? सगळेच दचकतात. शॉक म्हटलं की भलेभले दाराकडे बघू लागतात. प्रत्यक्षात मी एवढीशी. पुढे दोन बटणं, एक फिरवायची कळ आणि दोन तारा. भिंती रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने तर मला रेडिओ समजून माझ्यावर गाणी शोधली होती.

एका वयस्कर कारागिराने मला जोडलं. प्रत्येक सांधा तो पुन्हा पुन्हा तपासायचा. "डोक्याशी गाठ आहे, गंमत नाही," म्हणायचा. तिथून मी इस्पितळाच्या तळमजल्यावर आले.

उदासीचा आजार म्हणजे रुसवा नव्हे. त्यात माणसाची भूक जाते, झोप जाते आणि शेवटी जगण्याची इच्छाही जाते. औषधांनी उतार पडला नाही की डॉक्टर त्याला माझ्याकडे आणतात. आधी भूल देतात. माणूस गाढ झोपला की मी त्याच्या डोक्यातून थोडीशी वीज सोडते. मेंदूत एक छोटं वादळ उठतं आणि शमतं. असं काही आठवडे चालतं, आणि मेंदूचे मुके पडलेले भाग हळूहळू पुन्हा एकमेकांशी बोलू लागतात. पण त्या दिवसांच्या आसपासच्या आठवणी पुसट होतात. बऱ्याचशा काही महिन्यांत परत येतात. काही येत नाहीत.

शिवणकाम करणाऱ्या एका ताईंना त्यांचे वडील घेऊन यायचे. ताईंनी जेवण सोडलं होतं, बोलणं सोडलं होतं. बाबाच दोघांचं बोलायचे. "अगं, बाही उलटी लागली तर उसवतेस ना? मग हेही उसवू आणि परत शिवू." ताई भिंतीकडे बघत राहायच्या. तिसऱ्या उपचारानंतर त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून पाणी मागितलं. बाबांनी इतक्या घाईने पेला आणला की निम्मं पाणी नर्सच्या बुटांवर.

पुढच्या खेपेला बाबा आले नाहीत. ताईंना धाकट्या भावाने आणलं. त्याने दारातच डॉक्टरांना सांगितलं की परवा संध्याकाळी बाबांचं हृदय बंद पडलं. त्या वेळी घरात ताई एकट्याच होत्या. तो धावत पोचला तोवर सगळं संपलं होतं. त्याने खूप विचारलं, पण ताई रडल्याही नाहीत नि बोलल्याही नाहीत. डॉक्टरांनी ताईंचे कागद पुन्हा चाळले. आता थांबलं तर आजार उलटेल, असं म्हणाले.

टेबलावर पडल्यावर ताईंनी नर्सचा हात धरला. "सिस्टर, जाताना बाबा मला एक म्हणाले..."

नर्स वाईट नव्हती. बाहेर रांग होती, भुलीची सुई भरून तयार होती. तिने ताईंच्या कपाळावरचे केस मागे सारले. "उठल्यावर निवांत सांगा हं."

ताई झोपल्या. मग माझी पाळी आली.

ताई शुद्धीवर आल्यावर नर्सने नेहमीसारखं नाव विचारलं, जागा विचारली. ताईंनी बरोबर सांगितलं. मग दाराकडे बघून म्हणाल्या, "बाबा बाहेर बसलेत का?"

भाऊ पटकन पुढे झाला. "घरी आहेत," तो म्हणाला.

सोबत आलेली मावशी त्याच्या कानाशी लागली. "विसरली ते बरंच झालं की रे. सुंठीवाचून खोकला गेला."

डॉक्टरांनी ते ऐकलं आणि ते भडकले. "बाप तिचा गेलाय. तुम्ही कोण लपवणारे? आजच सांगा."

ताई पुरत्या सावध झाल्यावर भावाने माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून सांगितलं. "ताई, बाबा गेले गं."

"मी कुठे होते?"

"त्यांच्याजवळच. तुझ्या मांडीवर डोकं होतं त्यांचं."

"रडले मी?"

"नाही. तुला रडू येतच नव्हतं तेव्हा."

आता मात्र आलं. ताईंनी असा हंबरडा फोडला की बाहेरची रांग उठून उभी राहिली. रडू येणं म्हणजे बरं होणं, मित्रांनो, आणि ते माझ्यामुळे आलं होतं. तरी मला त्याचा जराही आनंद झाला नाही.

नर्स कोपऱ्यात उभी होती. "त्या मला सांगत होत्या," ती म्हणाली. "बाबा काहीतरी म्हणाले म्हणून. मीच म्हटलं, उठल्यावर सांगा."

ताई बऱ्या झाल्या. जेवू लागल्या, शिवू लागल्या. तपासणीला यायच्या तेव्हा काय काय आठवलं ते सांगायच्या. भाचीला शिवलेला निळा फ्रॉक आठवला, आधीचा अख्खा उन्हाळा आठवला. नव्या गोष्टीही नीट लक्षात राहू लागल्या. फक्त बाबांची ती संध्याकाळ येईना. वर्षाने डॉक्टर म्हणाले, "मेंदू ठणठणीत आहे तुमचा. पण ते आठवेल असं खोटं मी सांगणार नाही."

"'जेव गं बाई' म्हणाले असतील," ताई म्हणाल्या. "रोज तेच म्हणायचे. मी तेच धरून चालते. पण मनाला पटत नाही हो."

आता नवं मशीन आलंय. त्याने आठवणी कमी पुसल्या जातात म्हणे, फार बरं झालं. मी अडगळीत चादरीखाली आहे. मित्रांनो, मला भिऊ नका आणि माझ्याकडे येणाऱ्यांना हसू नका. मी खूप माणसं घरी परत पाठवली आहेत. पण तुमचं कोणी या वाटेने निघालं तर त्याच्याजवळ आधी बसा. ते जे सांगेल ते ऐका आणि त्याच्यासाठी जपून ठेवा. ताईंचं ते वाक्य ऐकायला कितीसा वेळ लागला असता? आज ते जगात कुणालाच माहीत नाही.