उसनी थुंकी

शेजारच्या पलंगावरच्या बाईंच्या तोंडाला कोरड पडली होती आणि वैताग मला आला होता. रोज सकाळी तेच. दात घासायच्या आधी दवाखान्यातले लोक त्यांच्या हातात प्लास्टिकची एक बारीक नळी द्यायचे. नळीवर निळी रेघ, आणि त्या रेघेपर्यंत थुंकी भरून द्यायची. बाई नळी ओठांना लावून बसायच्या. आवाज भरपूर यायचा, नळीत काही उतरायचं नाही.

"लिंबू आठवा," मी म्हणायचे.

"आठवून काय करू? चव कुठे राहिलीय?"

बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई, निवृत्त झालेल्या. मी टेलर. आम्हा दोघींना कोरोनाने एका खोलीत आणून टाकलं होतं, नाहीतर आमची गाठ पडण्याचं काही कारण नव्हतं. नळी घेऊन येणारी डॉक्टर दातांची होती. कोरोना झालेल्यांच्या तोंडात काय काय होतं आणि थुंकीत विषाणू किती सापडतो, याचा ती अभ्यास करत होती. ज्यांच्या तोंडाला कोरड, फोड, जिभेची आग असं काही होतं, तेवढ्यांनाच तिने अभ्यासात घेतलं होतं. मला विचारलं तेव्हा मला काही नव्हतं. पुढे जिभेवर दोन फोड आले, तेव्हा मी मिठाची गुळणी धरून बसले.

कारण घरी माझी मुलगी बाळंतीण होती. बाळ झालं तेव्हा मी इथे. जावई ट्रक चालवतो, त्याची रजा संपत आलेली. पोरीचे टाके दुखत होते, बाळ रात्रंदिवस रडत होतं, आणि फोनवर ती एकच विचारायची, कधी येतेस? ताप-खोकला नसेल त्याला घरी सोडायचं, असा इथला नियम होता. मला ताप नव्हता, खोकला नव्हता. दोन फोड दाखवून मुक्काम वाढवून घ्यायला मला काही वेड लागलं नव्हतं.

मला सोडायच्या आदल्या दिवशी बाई नळी हातात धरून रडायलाच लागल्या. नळी भरली नाही तर नाकात काडी घालायचे, आणि त्या काडीची बाईंनी धास्ती घेतली होती.

"द्या इकडे," मी म्हणाले. जन्मभर थुंकी लावून सुईत दोरा ओवलाय, मला थुंकीची काय कमी? जिभेची आग झाली, पण रेघ गाठली.

"ही कॉपी झाली," बाई म्हणाल्या.

"अहो, वॉर्डात सगळ्यांना आजार एकच. कोणाची का असेना."

पोरांच्या कॉप्या पकडण्यात हयात गेलेली बाई, पण नळी त्यांनी मुकाट्याने देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर बाईंच्या पलंगाशी येऊन थांबली. "बाई, तुमच्या थुंकीतले विषाणू रोज कमी होत होते. काल एकदम वाढलेत. इतके या वॉर्डात कोणाचेच नाहीत."

"मग?"

"औषध वाढवू. छातीचा फोटो पुन्हा काढू."

"आणि दुसऱ्याला लागेल का?" हे मी विचारलं.

"लागेलच असं नाही. तेच तर शोधतोय. पण मी तरी जवळ कोणाला येऊ देणार नाही."

ती गेली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे गणित सोडवायला त्यांना वेळ लागला नाही, आणि मलाही.

"मी काही बोलणार नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही घरी जा. पोर वाट बघतेय."

"आणि ते वाढीव औषध?"

"घेईन. माझी वाट बघणारं कोण आहे?"

मी पिशवी भरली. मग साबण आत राहिला म्हणून सगळी उपसली, पुन्हा भरली. बेसिनच्या आरशात जीभ बाहेर काढून बघितली. फोड पांढरे, कडेने लाल. पलंगावर येऊन बसले आणि परत बघायला गेले. लागेलच असं नाही, डॉक्टर स्वतः म्हणाली होती. दुपारभर मी तेवढंच वाक्य धरून बसले. मास्क लावीन, लांबून करीन सगळं. पण मी मला ओळखते. मशीन चालू असलं तरी माझं तोंड बंद नसतं. नातवंड मांडीवर आल्यावर मी गप्प बसेन? त्याचे मुके घेणार नाही?

संध्याकाळी सिस्टर घरी सोडल्याचा कागद घेऊन आली. "टेलरबाई, तुमचे लोक आलेत खाली." खिडकीतून बघितलं, तर जावयाबरोबर मुलगीही आलेली, बाळाला घेऊन. नको म्हटलं होतं तरी. मी पिशवी उचलली आणि निम्मा जिना उतरलेसुद्धा. पुढच्या पायरीवर पाय पडेना. तशीच वर आले.

डॉक्टर दारातच भेटली. "कालची बाईंची नळी मी भरली होती," मी म्हणाले. "ते विषाणू माझे. बाईंचं औषध वाढवू नका."

तिने खिशातून टॉर्च काढला. "तोंड उघडा." बराच वेळ बघत राहिली. "कधीपासून आहे?"

"परवापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

चांगली झापली असती तर बरं वाटलं असतं. तिने फक्त माझ्या हातातला कागद काढून घेतला. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

मी मुलीला फोन लावला. "आज नाही येत ग मी."

"म्हणजे? आम्ही खाली उभे आहोत, आई."

"तोंडात फोड आलेत. डॉक्टर म्हणतात..."

"फोड? ताप नाही, खोकला नाही, तूच म्हणालीस ना? हे उद्या कामावर जाणार. मी एकटी काय करू? सांग, काय करू?"

फोनमध्ये बाळाचं रडणं ऐकू येत होतं, आणि मला तेवढं तरी ऐकायचं होतं.

"मग राहा तिथेच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खिडकीशी धावले. तिने बाळ जावयाकडे दिलं होतं, बाहीने डोळे पुसत होती. गुंडाळलेल्या कापडात बाळ कुठे ते दिसतही नव्हतं. खिडकी उघडून मी हाक मारायला गेले आणि माझाच हात माझ्या तोंडावर आला. इतक्या वरून खाली काही पोचत नाही, एवढं मलाही कळतं. तरी ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मी तो हात काढला नाही.