विजयाबाईंचा चहा काळा पडला

हिंदी मुलखातल्या दौलतगंजच्या चौकात भरदुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्यावर चहाबाबा बसले होते आणि पुढ्यात एकाच किटलीतल्या कोऱ्या चहाचे संशयित बायकांचे सहा कप, शिवाय बाबांचा स्वतःचा सातवा. मल्हाररावांचा तान्हा नातू आठवड्यापूर्वी तापाने गेला होता. त्याला कुठल्या चेटकिणीनं खाल्लं, ते म्हणे चहा सांगणार होता. बाबांनी एकेका बाईच्या कपात चिमूटभर अंगारा टाकला. पाच कप लाल राहिले. विजयाबाईंचा शाईसारखा काळा पडला.

"देख लो डायन का मन," बाबा म्हणाले.

विजयाबाईंची शिक्षिका पुतणी शामला शाळेतून धावत आली, तोवर काठ्या सुरू झाल्या होत्या. काकूंचा ओठ फाटला होता, उजवा हात कोपरातून भलतीकडेच वळला होता. मारणारे परके नव्हते. त्यांच्या घरच्या प्रत्येक लग्नात काकूंनी पहाटेपासून चहा उकळला होता. मल्हाररावांनी पेट्रोलची बाटली उघडली. शामला काकूंवर आडवी पडली. तिच्याही पाठीत दोन काठ्या बसल्या, तरी नजर त्या कपावरच होती. चहात हिराकस कालवून ती दरवर्षी आठवीच्या मुलांना शाई करून दाखवत असे.

जडीबुटीचे दुकानदार मानसिंगराव गर्दीतच होते. "काका, बाबांनी तुमच्याकडून हिराकस नेलं का?" तिने ओरडून विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. काठ्या पुन्हा वर गेल्या. मग तिच्या ध्यानात आलं, यांचा सारा धंदा हिंदीत, मराठी नाव त्यांना कुठून ठाऊक असणार?

"कसीस, काका! कसीस नेलं का?"

"कसीस तो ले गए. दाढी रंगवायची म्हणाले."

दाढी पांढरीशुभ्र होती. कुणीतरी फिसकन हसलं आणि काठ्या अडखळल्या. शामलाने झेप घेऊन बाबांच्या कमरेला खोचलेल्या अंगाऱ्याच्या दोन पुरचुंड्या ओढल्या. एकीतली राख बाबांच्याच कपात टाकली. चहा लालच राहिला. दुसरीतली टाकताच काळाकुट्ट झाला.

"हे लोखंडाचं मीठ आहे. कुणाच्याही चहात टाका, काळाच होणार."

आता गर्दी बाबांवर तुटून पडली. पहिल्याच फटक्याला त्यांचं नाक फुटलं. शामला मध्ये उभी राहिली. आणखी एकाचं हाड मोडून कुणाला अक्कल येणार नाही, पोलिसांना बोलवा, असं तिने बजावलं.

"मग माझं बाळ कशानं गेलं?" मल्हाररावांनी विचारलं.

"तापानं. काकू तीन दिवस सांगत होत्या, कंपू भागातल्या दवाखान्यात न्या. तुम्ही या बाबांचा अंगारा चाटवत बसलात. काकू अंगाऱ्याच्या आड येत होत्या, म्हणून तर यांनी त्यांचा कप काळा केला."

मल्हाररावांच्या हातातली बाटली कुणीतरी काढून घेतली.

लोकहो, चमत्कार दिसला की हे झालं कसं, एवढं आधी विचारा. त्या चौकात हा प्रश्न एकीनेच विचारला, तोही काकूंचा हात मोडल्यावर.