मोगरेवाडीची बारव

ड्रायव्हर बालाजीनं पिकअपचं पुढचं दार उघडलं, गमछ्यानं सीटवरची धूळ झटकली, पाठीशी उशी लावली आणि अदबीनं बाजूला सरकत म्हणाला,

"बसा अप्पा."

सिद्रामप्पांनी चहाचा कागदी कप ओठाशी तसाच धरला. कपात काही उरलं नव्हतं, तरी त्यांनी एक घोट घेतला.

"कुणाला म्हणून राहिलास?"

"तुमालाच की. दरसाल..." बोलता बोलता बालाजीची नजर अप्पांच्या खांद्यावरून मागं गेली. मागं नागुबाई उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर पायी निघालेल्या गटाची पिवळी टोपी. "दरसाल म्हंजे... दरसाल हितं पाण्याचा क्यान ठिवत असतो आपण." त्यानं वीस लिटरचा क्यान उचलला, सीटवर बसवला आणि उशीला नीट टेकवून दार लावलं.

"लई जपतो बाई पाण्याला," नागुबाई म्हणाल्या.

पहाटे औशाच्या किल्ल्यापासून निघायचं आणि जुन्या गाडीवाटेनं, दिवस मावळायच्या आत, खरोशाची लेणी गाठायची, असा या गटाचा दरवर्षीचा नेम. यंदाचं पाचवं वर्ष. सत्तावीस माणसं आली होती; लातूरची, औशाची, दोघी-तिघी कॉलेजच्या पोरी थेट नांदेडहून. सिद्रामप्पा पहिल्या वर्षापासूनचे. एसटीत कंडक्टर होते. तेहतीस वर्षं त्यांनी लोकांना 'पुढं सरका' म्हणून सांगितलं होतं आणि निवृत्त झाल्यावर आता आपणच सरकायचं ठरवलं होतं. पण त्यांचं सरकणं या फाट्यावरच्या चहापर्यंतच टिके. इथून पुढं ते पिकअपमध्ये बसत, घोरत, आणि लेण्यांच्या टेकडीमागं उतरून फोटोपुरतं चालत. गटाला हे ठाऊक होतं. मनावर कुणी घेतलं नव्हतं.

घरी मात्र सगळी वाट पायीच झालेली असे. पहिल्या वर्षी नागुबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं होतं, "मंग दुपारी पाणी कुठं पेलाव?" पिकअपच्या काचेतून ओझरती दिसलेली एक पाटी अप्पांच्या तोंडी आली. "मोगरेवाडीला. बारव हाय तिथं." एवढ्यावर थांबायचं, तर नागुबाईंचा हात परातीत थांबला आणि त्या ऐकू लागल्या. बायकोनं हातातलं काम थांबवून ऐकावं, असं अप्पांच्या संसारात फार वेळा झालं नव्हतं. मग बारवेला पायऱ्या आल्या. दुसऱ्या वर्षी त्या चाळीस झाल्या. तिसऱ्या वर्षी तळाशी दगडी कासव आलं. चौथ्या वर्षी काठावर लिंब वाकला.

नागुबाईंच्या घरातून जातं जाऊन वीस वर्षं झाली, ओव्या गेल्या नव्हत्या. सुनेच्या मिक्सरवरसुद्धा त्यांची एक ओवी होती. बारवेवर तर होतीच. आणि यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, शेतात आंबील वाढता वाढता, त्या म्हणाल्या होत्या,

"ह्या बारीला मी बी येणार. बारव बघायचीय."

"गुडघा दुखंल."

"तुमचा दुखतो. माझा न्हाई."

फाट्यावरून निघायच्या आधी पोरींनी गाण्याचा हट्ट धरला. नागुबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. टपरीच्या बाकड्यावर बसून, डोळे अर्धे मिटून, त्यांनी सूर लावला.

"बाई चाळीस पायऱ्या, मोगरेवाडीच्या बारवंला
ऊन काठाशी ठेवूनी, हात लाविते गारव्याला"

आनंदराज सर बुटाची नाडी बांधत होते, ती तशीच हातात राहिली. सर हायस्कूलात इतिहास शिकवत. वाटेतला प्रत्येक उभा दगड त्यांनी वहीत उतरवला होता.

"काकू, ही ओवी कुठली?"

"आमच्याकडची."

"मोगरेवाडीला बारव आहे?"

"ह्यांनी बघितलीय की. चार डाव."

सगळी टोपी-मंडळी अप्पांकडं वळली. बालाजी टायरमधली हवा बघायला खाली बसला आणि बराच वेळ वर आला नाही. अप्पा पिकअपनं येतात हे सरांनाही माहीत होतं. पण ओवी कानावर पडली की सरांना बाकी काही माहीत राहत नसे.

"बघा, पुस्तकात सापडत नाही ते ओवीत सापडतं," ते सगळ्यांना म्हणाले. "चार वर्षं आपण त्या गावाला बाहेरून वळसा घालतोय. आज गावातून जाऊ. दोनेक किलोमीटर जास्त पडतील."

"पाणी आटलं असंल सर," अप्पा म्हणाले.

"पाण्याला कोण चाललंय? पायऱ्या बघायच्या."

आणि सत्तावीस माणसं अप्पांच्या बारवेकडं निघाली.

करडई फुलली होती. वाट दोन्ही अंगांनी काटेरी आणि पिवळी. ज्वारीच्या कणसांवर पाखरं बसत, माणसं आली की उठत, गेली की बसत. नागुबाई शेताला जायच्या पायानं चालत होत्या. ना घाई, ना थांबणं. अप्पा मागं राहत, धावत गाठत, पुन्हा मागं राहत.

"आवो, ती वाकडी बाभळ कुठं हाय? चोळीच्या गाठीवानी हाय म्हणला व्हतात."

"तोडली वाटतं."

"आन् मारुतीचं देऊळ?"

"त्या... टेकाडाच्या पल्याड. हितनं दिसत न्हाई."

"मोर?"

अप्पांनी घाम पुसला. "दुपारचं मोर कुठं येतात?"

"तुमी दुपारचंच सांगितलाव की."

अप्पा चालत होते तसतशी त्या वाटेवरची एकेक गोष्ट नाहीशी होत होती. चार वर्षांत एवढ्या हौसेनं वसवलेला मुलूख आज त्यांच्याच पायांखाली उजाड होत चालला होता.

"चार वर्सात लई वाटोळं केलं बघा लोकांनी," नागुबाई हळहळल्या.

अप्पांची टाच केव्हाच हुळहुळायला लागली होती. एका बांधावर अप्पा टेकले. नागुबाईही थांबल्या. बाकीचे पुढं गेले. सरांची टोपी ज्वारीवरून तरंगताना दिसत होती. अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. सांगायचं तर आत्ता सांगायचं होतं. गावात, सत्तावीस माणसांपुढं, बायकोनं 'कुठं हाय?' म्हणून विचारण्यापेक्षा इथं करडईत सांगितलेलं बरं.

"नागू, ती बारव..."

"चला," नागुबाई म्हणाल्या. "पुढं सरका."

मोगरेवाडी लहान होती. साठसत्तर घरं, एक पाण्याची टाकी, एक पार. पारावर सटवाजी नावाचे एक म्हातारबुवा तंबाखू मळत बसले होते. अचानक एवढ्या पिवळ्या टोप्या दिसल्यावर त्यांनी मळायचं थांबवलं.

"मतदानाचं काय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. बारव बघायला आलोय," सर म्हणाले. "तुमच्या गावातली. चाळीस पायऱ्यांची."

"बारव?"

"हो. दूर औशापर्यंत तिची ओवी आहे."

म्हाताऱ्यानं सरांकडं पाहिलं. मग एका रांगेत उभ्या माणसांकडं, त्यांच्या मोबाइलांकडं, धुळीनं माखलेल्या बुटांकडं. गावातली चारदोन माणसंही येऊन उभी राहिली. मोगरेवाडी बघायला कुणी चालत आलंय, हे कुणाच्या आठवणीत नव्हतं. अप्पा टाकीच्या सावलीला मागं उभे होते. त्यांनी मान खाली घातली आणि वाट बघितली.

नागुबाई पुढं झाल्या.

"बुजवली का काय, बाबा?"

सटवाजींनी तंबाखू ओठात धरली. नागुबाईंचं तोंड नीट न्याहाळलं. त्या तोंडावर बारवेची हकिकत होती की बारवेची आस, ते त्यांनाच कळलं असेल.

"हाव," ते म्हणाले. "बुजवली."

"अरेरे," सर म्हणाले आणि वही काढली. "कुठं होती?"

"ह्या पाराच्या खालीच की. मी ल्हान व्हतो." सटवाजींनी हात पसरून अंगणाएवढी जागा दाखवली. गावकऱ्यांनीही तिकडं पाहिलं, जरा मागं सरकून, कुणाचा पाय बारवेत पडू नये अशा बेतानं.

"चाळीस पायऱ्या," सर लिहिता लिहिता म्हणाले.

"चाळीस न्हाईत," सटवाजी म्हणाले. "बेचाळीस. खालच्या दोन पाण्यात ऱ्हायच्या. दिसायच्या न्हाईत."

"आन् कासव?" नागुबाईंनी विचारलं.

"व्हतं की. दगडाचं. पर रातीला हालायचं म्हणत."

एका पोरीनं पाराचा फोटो काढला. दुसरीनं काढला. सर पारापासून टाकीपर्यंत पावलं मोजू लागले. घराघरांतून पाण्याचे तांबे आले, कुणी हुरडा भाजायला घेतला. अप्पांना आता राहवेना. त्यांनी बोलता बोलता जन्माला घातलेलं ते पोर गावानं दत्तक घेतलं होतं आणि वर त्याला दोन पायऱ्या जास्तीच्या दिल्या होत्या. उद्या सर हे छापतील. परवा कुणीतरी पाटी लावील. अप्पा लंगडत पुढं आले.

"सर. ऐका जरा. ती बारव... म्हंजे मी जे घरी सांगितलं..."

"तुमी गप बसा," नागुबाई म्हणाल्या. त्यांनी अप्पांना दंडाला धरून पाराच्या कडेवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. आवाज खाली आणला. "तुमाला काय म्हाइत? तुमी कुठं आलाव कधी हितवर?"



नागुबाईंनी वाकून अप्पांच्या चपलेचा बंद सोडला. टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता, मधोमध फुटलेला.

"चार वर्सं तेल चोळलं ह्या पायास्नी," त्या म्हणाल्या. "एक फोड गावला न्हाई." मग त्यांनी पदराचं टोक तांब्यात बुडवून फोडावर धरलं. अप्पांनी पाय मागं घेतला. नागुबाईंनी तो परत ओढला. "आज तरी नीट चोळता यील."

पलीकडून सरांनी वहीतून डोकं वर काढलं.

"अप्पा, काय सांगत होता तुम्ही?"

सिद्रामप्पांनी पाराकडं पाहिलं. सटवाजी अजून हात पसरून कुणाला तरी काठ कुठवर होता ते दाखवत होते.

"काय न्हाई सर," ते म्हणाले. "बेचाळीसच लिव्हा."