केसपेपरवरचा लाल शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. वर लाकडी मूठ आणि खाली एकच शब्द : व्यसनी. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगताना इतरांची छाती फुगते, माझी मात्र मान खाली जाते.

घडल्यावर मी दवाखान्याच्या खिडकीत बसणाऱ्या कारकूनकाकांच्या हाती आलो. केसपेपरवर दारूचा उल्लेख दिसला की काका मला लाल शाईत बुडवून कोपऱ्यात ठोकत. "एका ठोक्यात काम! डॉक्टरांना वाचत बसायला नको," असे माझे कौतुक करत. मीही हुरळून गेलो.

एक फरशीवाला यायचा. दारू सोडून त्याला तीन वर्षे झाली होती, पण पायांच्या नसा पार बिघडल्या होत्या. तळव्यांची आग आग व्हायची, पायांवर चादरही सोसायची नाही. दरवर्षी केसपेपर नवा व्हायचा आणि काका जुना पाहून मला पुन्हा ठोकायचे. तो बिचारा माझा कोपरा आत दुमडून कागद पुढे करायचा. डॉक्टर घडी उघडायचे, मला पाहायचे आणि म्हणायचे, "गोळ्यांसाठी नाटकं करतोस होय?" तो कागद उचलून बाहेर पडायचा. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे.

एकदा त्याची थोरली बहीण त्याला हाताला धरून नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली.

"काल हा दारूच्या दुकानाच्या पायरीवरून परत आलाय, बाई. आता नाही धीर धरवणार याला."

बाईंनी कागद बाजूला ठेवला. त्याला डोळे मिटायला लावून तळव्यावरून कापूस फिरवला.

"कळतंय?"

"काहीच नाही. नुसती आग होते."

"नसा बिघडल्यात, म्हणून स्पर्श कळत नाही आणि आग मात्र होते. दुखणं खरं आहे तुझं. यावर नशा न येणारी औषधं आहेत. आठवड्यापुरत्याच गोळ्या देते, ताईंच्या हाती. चालेल?"

"चालेल. माझा माझ्यावरच भरवसा नाही."

"आणि पाय पुन्हा दुकानाकडे वळले, तर लपवू नकोस. येऊन सांग. औषध बंद करणार नाही मी."

तो ढसाढसा रडला.

त्याच दिवशी बाईंनी काकांना सांगून मला खणात टाकायला लावले. इतर जुन्या वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. मित्रांनो, मला इथेच पडून राहू द्या. कोणी दुखतंय म्हणाला, तर आधी त्याचे दुखणे पाहा.

आता त्याला पायांवर चादर घेता येते म्हणे. नव्या केसपेपरवर मी नाही. तरी खिडकीत कागद देताना तो अजून कोपरा आत दुमडूनच देतो.