वैजूच्या हातात काहीतरी

सोनगीरला आमच्या घरात चालायला लागलेलं पोर खाटेच्या पायाला बांधायची रीत होती. जुन्या लुगड्याची चिंधी. एक टोक पोराच्या घोट्याला, दुसरं खाटेला. माझे यजमानही असेच बांधून वाढले. अजूनही आईपासून फार लांब जात नाहीत.

एकोणनव्वदच्या चैत्रात माझी लेक वैजू दीड वर्षाची होती आणि घरात ज्वारीचे बिबडे, म्हणजे वर्षभराचे पापड, चालले होते. चुलीवर पातेलं रटरटतंय, अंगणभर लुगडी अंथरलेली. पोर मोकळं सोडायची सोय नव्हती. वैजू चिंधी ताणून ताणून रडायची. घोट्याला लाल वळ उठला होता. मला ती चिंधी सोडायची होती, बाकी काही नको होतं.

ज्वारी कांडून निघालेला कोंडा मी ओला केला आणि परातीत तिच्यापुढे ठेवला. तिनं आधी एक बोट खुपसलं, मग कोपरापर्यंत हात. थापला, पिळला, पोटाला फासला. मी हळूच गाठ सोडली. पोर जागची हलली नाही.

"काय करी राहिनी तू?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"खेळतेय ती, आत्याबाई. बांधायला नको."

"म्हशीनं खावानं, ते पोरनं खेळावानं."

बिबडे थापायला आलेली शेजारची भागाबाई हसली. "तुनी सून मास्तरीन शे वं, तानुबाई."

मी सातवी नापास. तरी बरं वाटलं.

दोन दिवस वैजू मोकळी होती. तिसऱ्या दिवशी कोंडा संपला आणि ती रडायला लागली. बिबड्यांचं शिजलेलं पीठ निवत होतं. घाईत त्यातलाच एक गोळा मी तिच्या हातात दिला. त्यात मिरची-लसूण मीच वाटून घातला होता. तिनं गोळा चुरला, आणि त्याच हातांनी डोळे चोळले.

सासूबाईंनी तिचे डोळे धुतले, ओला पदर धरून अर्धा तास मांडीवर घेऊन बसल्या. मला बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. संध्याकाळी इतकंच म्हणाल्या, "मन्हा तीन पोरे बांधीसन वाढनात. बठ्ठासना डोया शाबूत शेतस." सगळ्यांचे डोळे शाबूत होते, हे खरंच होतं.

सकाळी चिंधी त्यांनी माझ्याच हातात दिली. वैजू रडेल म्हणून मी मन घट्ट करून तिच्यापुढे बसले. तिनं सुजलेले डोळे किलकिले करून चिंधीकडे बघितलं, आणि पैंजण घालताना करते तसा पाय आपणहून पुढे केला.