बोटभर ओल

झाड मरतंय आणि मला बोलता येत नाही. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तोंडातून एकच आवाज निघतो, "आं". त्यातून कुणाला काय डोंबल कळणार!

झाड माझं आहे. घरच्यांच्या भाषेत 'ते तुमचं फॅन्सी अळू'. अळू म्हणे! काळपट हिरवी मखमली पानं, त्यांवर पांढऱ्याशुभ्र शिरा. असलं दुसरं झाड या शहरात शोधून सापडायचं नाही. ही जात जंगलात मोठ्या झाडांच्या अंगावर वाढते. मुळांना माती नको, हवा लागते. म्हणून कुंडीत झाडाची साल, कोळशाचे तुकडे, थोडं शेवाळ. बोट आत खुपसायचं, ओल लागली तर पाणी द्यायचं नाही. एवढंच. पण मी कधी कुणाला हात लावू दिला नाही, त्यामुळे हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

आता सगळेच हात लावतात. सकाळी ही भांडंभर पाणी घालते. ऑफिसला निघताना सूनबाई, "बाबांचं झाड आहे, सुकायला नको," म्हणते आणि घालते. संध्याकाळी मुलगा. प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच तेवढी आठवण आहे. मी "आं! आं!" करून ओरडलो की लगेच, "तहान लागली का हो?" मग मलाही पाणी. झाडाच्या आणि माझ्या, दोघांच्या नाकातोंडात पाणी.

एकदा ही पाणी घालत असताना मी जीव खाऊन डावा हात उचलला आणि बोट उभं करून दाखवलं. अगं, बोट घालून बघ त्यात! हिचा चेहरा पांढराफटक. "वर काय दाखवताय? असलं अभद्र मनात आणायचं नाही!" आणि डोळे पुसत बसली. मला हसू आलं, रडूही आलं. माझा दोन्हीचा आवाज एकच.

जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या मी. अडकलेली माणसं आतून दार बडवायची, मी बाहेरून सांगायचो, "घाबरू नका, आलोच." त्यांना काय हवंय ते निदान बाहेर कळायचं.

खालची पानं पिवळी पडली. "पाणी कमी पडतंय," मुलगा म्हणाला. शाबास! मला बरं वाटावं म्हणून त्यानं कुंडी माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवली. कुजका वास थेट नाकात. तरी वर एक कोवळं, तांबूस पान उलगडत होतं. ते बघून मला राहवेना. कुंडी पाडली तर मुळं तरी दिसतील यांना. सगळा जीव डाव्या हातात आणला आणि ढकलली.

फुटली. काळी, लिबलिबीत मुळं फरशीवर पसरली. ही धावत आली. बघ ना गं, नीट बघ. मधली थोडी अजून पांढरी आहेत. तेवढी कोरडी ठेव, जगेल.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "इतका राग? स्वतःच्या झाडावर?" मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "चिडू नका हो. मी करते सगळं नीट."

आणि तिनं केलं. खालच्या बागेतून काळी माती आणली, मोठी बादली घेतली, मुळं खोल पुरली, अंगठ्यांनी दाबून दाबून घट्ट केली. किती मायेनं करत होती! शेवटी काठोकाठ पाणी ओतलं.

"आं," मी म्हणालो.

"हो हो, तुम्हालाही देते," म्हणत तिनं चमचा माझ्या ओठांशी धरला.

मी गिळलं. दुसरं काय करणार?