साठावा सेकंद

मित्रांनो, मी एक जुने अणुघड्याळ आहे. मला काटे नाहीत, लंबक नाही, टिकटिक तर नाहीच. म्हणून लोक मला कपाट समजून माझ्यावर चहाचे कप ठेवतात. ठेवोत बापडे. माझा राग वेगळाच आहे.

मी अणूंची थरथर मोजून सेकंद ठरवते. नवे होते तेव्हा पाहुणे मला पाहून तोंडात बोट घालत. आता फक्त आत्या मला जपते. ती एका धावपटू मुलीची आत्या, पण सगळी प्रयोगशाळाच तिला आत्या म्हणते.

पृथ्वी फिरताना रेंगाळते. तिला कोण बोलणार? मग तिच्यासाठी माझ्याच आकड्यांच्या पाटीवर मधूनच एक जादा सेकंद घुसवतात. एकोणसाठनंतर शून्याऐवजी साठ! रेंगाळायचे तिने आणि थांबायचे मी!

आमच्याकडे हा सेकंद सकाळी येतो. त्या दिवशी आत्याने तो घातला आणि ती भाचीची शर्यत पाहायला गेली. मैदानावरची दोन यंत्रे माझ्याकडूनच वेळ घेत. सुरुवातीच्या यंत्राने जादा सेकंद घेतला; शेवटच्या रेषेवरच्या यंत्राने घेतलाच नाही, ते सेकंदभर पुढे राहिले. भाची तिच्या गटात पहिली आली, पण तिच्या नावावर एक सेकंद जास्त लागला. ज्यांची वेळ कमी, तेच अंतिम शर्यतीत जाणार होते. पुढच्या गटांआधी कोणीतरी ते शेवटच्या रेषेवरचे यंत्र बंद करून चालू केले आणि ते ताळ्यावर आले. भाची मात्र बाहेर!

"अहो, यंत्रं जुळत नव्हती. तिला पुन्हा धावू द्या," आत्या पंचांना म्हणाली.

"बाई, यंत्र सांगेल ती वेळ. एका सेकंदानं काय आभाळ कोसळतं?"

वा रे वा! मग हे सेकंद घालणाऱ्यांना विचारा की! सूर्य सेकंदभर उशिरा डोक्यावर आला, तर कोणाचे काय अडते? दुर्बीणवाले कुरकुरतात, घड्याळ आणि आकाश फारकत घेतील म्हणून. अरे, तो फरक तुमच्या दुर्बिणीला शिकवा ना! शंभर वर्षांत जेमतेम मिनिटभर साचेल, तेव्हा काय ते एकदाच निस्तरा.

संध्याकाळी आत्या भाचीला घेऊन माझ्यासमोर आली. मुलीच्या पायात अजून धावायचे बूट होते.

"आत्या, हे कधीच चुकत नाही ना?"

"नाही गं."

"मग माझा सेकंद कुणी खाल्ला?"

तो सेकंद आत्याने आपल्या हाताने घातला होता.

मित्रांनो, माझ्यावर कप ठेवा, मला जुने म्हणा, सगळे सोसेन. पण माझ्या तोंडी तो साठावा सेकंद पुन्हा घालू नका. ती मुलगी उशिरा आलीच नव्हती.